करवतीला ताकद कुठून आणायची? मुंबई गोदीतले इंजिनवाले अर्देशीर वाडिया

इस्लापूर म्हणजे किनवट तालुक्याचा सागवानी पट्टा. एका अंगाला पैनगंगा आणि सहस्रकुंडचा धबधबा, बाकी डोंगर आणि जंगल. या भागात ज्याच्या बांधावर सागाची झाडं आहेत त्याला एक प्रश्न कधी ना कधी पडतोच. झाड तोडायची परवानगी मिळाली, झाड पडलं, पण आता ओंडका गिरणीपर्यंत न्यायचा कसा? हिशेब करून बघा. चार फूट घेराचा, दहा फूट लांब ओला ओंडका साडेतीनशे किलोच्या आसपास भरतो. तो ट्रॅक्टरवर चढवायचा, गिरणीवर उतरवायचा, चिरून झाला की फळ्या परत आणायच्या. आणि नेलेल्या वजनातला बराच भाग साल, कडेची फळकुटं आणि भुसा होऊन तिकडेच राहतो. मग उलटं केलं तर? ओंडका पडलाय तिथेच राहू दे, गिरणीच त्याच्याकडे जाऊ दे. यालाच फिरती लाकूडगिरणी किंवा पोर्टेबल सॉ मिल म्हणतात.

यंत्राची रचना तशी सोपी आहे. जमिनीवर लोखंडी अँगलचे दोन रूळ टाकायचे. ओंडका रुळांच्या मधे पक्का आवळून ठेवायचा. रुळांवरून एक गाडा सरकतो. त्या गाड्यावर दोन चाकं, चाकांवर ताणलेलं पट्टा करवतीचं पातं आणि शेजारी इंजिन. गाडा ढकलत नेला की एक फळी निघते. मग पातं एक इंच खाली घ्यायचं आणि पुन्हा ढकलायचं. चांगला वेल्डर असेल तर गावातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानात सांगाडा तयार होऊ शकतो.

खरी गोम ताकदीत आहे. पट्टा करवत नीट कापायची तर पात्याचा वेग सेकंदाला २५ मीटरच्या आसपास हवा. चाकाचा व्यास ५०० मिलिमीटर असेल तर एका फेऱ्यात पातं १.५७ मीटर पुढे जातं, म्हणजे चाक मिनिटाला साधारण ९५० फेरे फिरलं पाहिजे. इंजिन १५०० फेऱ्यांचं असेल तर इंजिनावर ६ इंची आणि चाकावर साडेनऊ इंची पुली बसवा, गणित जुळतं. पण जाड ओल्या सागवानात शिरल्यावर तो वेग टिकवायचा तर मागे निदान ८ ते १० अश्वशक्ती लागते. शेतात थ्री फेज लाइन असली तरी ती किती तास असते हे तुम्हाला मी सांगायला नको. मग उरतं डिझेल. १० एचपीचं इंजिन पूर्ण भारावर तासाला साधारण सव्वादोन लिटर पितं.

एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण ती विसरून लोक अडचणीत येतात. महाराष्ट्रात सॉ मिल चालवायला वन विभागाचा परवाना लागतो, आणि १९९६ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या गोदावर्मन खटल्यातल्या आदेशांमुळे नव्या परवान्यांवर कडक बंधनं आहेत. गिरणी चाकावर आहे म्हणून सूट मिळेल असं धरून चालू नका. सांगाड्याला पहिला वेल्ड मारायच्या आधी वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन विचारा.

तर करवतीला ताकद कुठून आणायची, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. जवळपास पावणेदोनशे वर्षांपूर्वी मुंबईत एका माणसाला तो पडला होता. त्याने वाफेचं इंजिन स्वतःच्या हाताने बनवलं, पुढे थेट अमेरिकेला जाऊन लाकूड कापायची यंत्रं आणली. त्याचं नाव अर्देशीर कर्सेटजी वाडिया.

लाकडावर जगणारं घराणं

अर्देशीर यांचा जन्म ६ ऑक्टोबर १८०८ चा, मुंबईतला. योगायोग बघा, पट्टा करवतीचं पहिलं पेटंट इंग्लंडमध्ये विल्यम न्यूबेरी याने त्याच १८०८ साली घेतलं. त्याचा तेव्हा कुणालाच उपयोग झाला नाही, कारण पात्याची दोन टोकं जोडली की जोड तुटायचा. जोड टिकायला लागला तो जवळपास चाळीस वर्षांनी, फ्रान्समध्ये.

वाडिया हे आडनावच धंद्यावरून आलेलं, गुजरातीत वाडिया म्हणजे जहाज बांधणारा. घराण्याचे मूळ पुरुष लवजी नसरवानजी १७३६ मध्ये सुरतेहून मुंबईला आले ते ईस्ट इंडिया कंपनीची जहाजं बांधायला. १७५० मध्ये इथली कोरडी गोदी उभी राहिली. त्यानंतर सव्वाशे वर्षं मुंबई गोदीचा मुख्य कारागीर वाडियांच्याच घरातला. लाकूड अर्थात सागवान, मुख्यतः मलबारचं. युरोपात जहाजं ओकच्या लाकडाची असत. ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात, सागवानातलं तेल मात्र खिळाही सांभाळतं आणि किडीलाही दूर ठेवतं. १८१७ मध्ये जमशेटजी बोमनजी वाडियांनी मुंबईत बांधलेलं ट्रिंकोमाली हे लढाऊ जहाज आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल इथे पाण्यावर तरंगतंय. सागवानाबद्दल कुणाला शंका असेल तर हा पुरावा पुरे.

पण हे सगळं सागवान चिरायचं कसं? माणसाच्या दंडांनी. ओंडका खड्ड्यावर आडवा टाकायचा. एक जण वर उभा, एक जण खाली खड्ड्यात, दोघांच्या मधे उभी लांब करवत. वरच्याने ओढायची, खालच्याने खेचायची, आणि खालच्याच्या डोळ्यात-तोंडात दिवसभर भुसा. आता ताकदीचा हिशेब करू. धडधाकट माणूस दिवसभर टिकेल अशी साधारण ७५ वॉट ताकद देतो. म्हणजे जोडीचे १५० वॉट. एक अश्वशक्ती ७४६ वॉटची. करवतीच्या पाच जोड्या मिळून एक अश्वशक्ती होते! एका मोठ्या जहाजाला लागणाऱ्या फळ्या, वासे, तुळया डोळ्यांपुढे आणा, म्हणजे गोदीत किती माणसं नुसती करवत ओढत असतील याचा अंदाज येईल.

विहिरीवरचं इंजिन

वयाच्या चौदाव्या वर्षी अर्देशीर घरच्या रिवाजाप्रमाणे गोदीत उमेदवारीला लागले. लाकडाचं काम ते शिकलेच. पण मन मात्र दुसरीकडे होतं. त्याला कारणही तसंच घडलं. ते विशीत असताना मुंबई गोदीत ह्यू लिंडसे नावाची आगबोट बांधली गेली, आणि १८३० मध्ये ती मुंबईहून निघून सुएझला पोचली. वाऱ्याची वाट न बघता समुद्र ओलांडता येतो हे मुंबईने प्रत्यक्ष पाहिलं. मात्र त्या बोटीची एक गंमत होती, तिच्यात कोळसा ठेवायला जागाच अपुरी. त्यामुळे जिथे जागा मिळेल तिथे, अगदी प्रवाशांच्या भागातही कोळसा भरावा लागला. इंजिन असून भागत नाही, इंधन कुठे ठेवणार आणि किती दिवस पुरणार हेही बघावं लागतं. शेतात गिरणी लावणाऱ्याला हे लगेच पटेल.

अर्देशीर यांनी स्वतःच्या हाताने एक छोटं वाफेचं इंजिन बनवलं, एक अश्वशक्तीचं. भारतीय माणसाने इथे बनवलेलं पहिलं वाफेचं इंजिन म्हणून त्याचं नाव घेतलं जातं. ते बसवलं कुठे, तर विहिरीवर. विहिरीतलं पाणी उपसून कारंजं उडवायला! आज आपल्याकडे विहिरीवर एक एचपीची मोटर बसवतात, तेवढीच त्याची ताकद. पण मोटर दुकानातून आणता येते. अर्देशीर यांना बॉयलर, सिलिंडर, दट्ट्या, झडपा हे सगळं घडवून जुळवावं लागलं. वाफेच्या इंजिनात सगळ्यात किचकट भाग म्हणजे सिलिंडर आणि दट्ट्या यांच्यातलं अंतर. ते जास्त झालं की वाफ निसटते, कमी झालं की दट्ट्या अडकतो. लेथवर आतून गोल तासलेला सिलिंडर लागतो, आणि त्या काळच्या मुंबईत तसं काम करणारे हात मोजके होते.

पुढे १८३३ मध्ये, वयाच्या पंचविशीत, त्यांनी इंडस नावाचं ६० टनांचं छोटं जहाज बांधलं आणि नंतर त्यात वाफेचं इंजिन बसवलं. १८३४ मध्ये माझगावच्या आपल्या बंगल्यात आणि बागेत त्यांनी गॅसचे दिवे लावून दाखवले. ते बघायला मुंबईचे गव्हर्नर अर्ल ऑफ क्लेअर आले होते. रस्त्यांवर गॅसचे दिवे येण्याआधी कितीतरी वर्षं हे घडलं. दगडी कोळसा बंद भांड्यात तापवला की गॅस निघतो, तो नळीने दिव्यापर्यंत न्यायचा, असं ते तंत्र. माझं मत विचाराल तर कारंजं आणि दिवे हा श्रीमंताचा षोक नव्हता. एखादं तंत्र आपल्या गावात, आपल्या लोकांच्या हातून चालतं हे बाकीच्यांना पटवायचा तोच एक रस्ता होता.

वरिष्ठ म्हणून नेटिव्ह माणूस

१८३९ मध्ये अर्देशीर इंग्लंडला निघाले, आगबोटींची इंजिनं शिकायला. सुएझचा कालवा १८६९ चा, म्हणजे अजून तीस वर्षं पुढे. तेव्हा सुएझला उतरायचं, वाळवंट ओलांडून इजिप्तमधून जायचं आणि भूमध्य समुद्रात पुन्हा बोट धरायची. या प्रवासाची त्यांनी लिहिलेली रोजनिशी १८४० मध्ये लंडनमध्ये छापली गेली. इंग्लंडमध्ये ते कारखान्यांतून फिरले, इंजिनं कशी ओततात, कशी जुळवतात हे पाहिलं. त्यांचेच दोन भाऊबंद, जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी, एक वर्ष आधीच तिकडे जहाजबांधणी शिकायला गेले होते. घराण्याची तिकडची वाट जहाजाच्या सांगाड्याची होती, अर्देशीर मात्र जहाजाच्या पोटातल्या यंत्राकडे वळले.

१८४१ हे त्यांच्या आयुष्यातलं मोठं वर्ष. १ एप्रिलला ते मुंबईत कंपनीच्या स्टीम फॅक्टरीचे मुख्य इंजिनियर आणि यंत्रांचे निरीक्षक झाले. २७ मे रोजी लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना फेलो करून घेतलं. हा मान मिळालेले ते पहिले भारतीय. दुसरे श्रीनिवास रामानुजन, तेही १९१८ मध्ये! मधे सत्त्याहत्तर वर्षं गेली.

पण फेलोपेक्षा अवघड होती ती मुंबईतली खुर्ची. त्या कारखान्यात युरोपियन इंजिनियर होते आणि त्यांच्यावर वरिष्ठ म्हणून पहिल्यांदाच एक भारतीय माणूस आला होता. मुंबईच्या इंग्रजी वर्तमानपत्रात नाराजी उमटली. नेटिव्ह माणूस कितीही हुशार असला तरी गोऱ्या कामगारांकडून तो काम करून घेऊ शकेल का, अशी शंका उघड छापून आली. इंजिनात बिघाड झाला तर दोष यंत्राचा की वरच्या माणसाचा, हे आधीच ठरवून बसलेल्या लोकांत त्यांना काम करायचं होतं. बॉयलरवर काम केलेल्या कुणालाही यातला धोका कळेल. तिथे चूक झाली तर ती कागदावर राहत नाही, माणसं भाजतात. अर्देशीर यांनी ही खुर्ची १८५७ पर्यंत, म्हणजे सोळा वर्षं सांभाळली. यापेक्षा वेगळं उत्तर द्यायची त्यांना गरज पडली नाही.

अमेरिकेतून आणलेली यंत्रं

आता आपल्या करवतीकडे येऊ. १८४९ मध्ये अर्देशीर अमेरिकेला गेले. तिथे त्यांनी लाकूड कापायची बरीच यंत्रं घेतली आणि जहाजाने मुंबईला पाठवली.

अमेरिकाच का? तोवर यंत्रांचं माहेर इंग्लंड होतं ना? त्याचं कारण साधं आहे. इंग्लंडमध्ये लाकूड कमी आणि मजूर भरपूर. यांत्रिक करवत आली तेव्हा तिथल्या करवतकऱ्यांनी ती फोडल्याचंही घडलेलं आहे. अमेरिकेत उलट, जंगल अफाट आणि माणसं थोडी. त्यामुळे लाकूडकामाची यंत्रं तिथे झपाट्याने सुधारली. खालीवर होणारी चौकटीतली करवत, गोल पात्याची करवत आणि रंधा मारायचं यंत्र ही तिन्ही तिथे सर्रास वापरात होती. ओढ्याच्या पाण्यावर चालणाऱ्या करवती तर होत्याच, पण पाणी हवं तिथे नसतं. म्हणून वाफेचं इंजिन आलं. वाफेच्या करवतीत आणखी एक सोय होती जी आजच्या डिझेलवाल्याला मिळत नाही. फळ्या निघाल्यावर उरलेला भुसा आणि फळकुटं भट्टीत टाकायची, त्यावरच बॉयलर तापतो. करवत आपलं इंधन आपणच पाडत जाते. याच सोयीमुळे पुढे अमेरिकेत बैलांनी, घोड्यांनी ओढून नेता येतील अशी इंजिनं आणि करवती निघाल्या, आणि गिरणी ओंडक्याकडे जायला लागली. आजच्या फिरत्या गिरणीचे पूर्वज ते हेच.

गोल पात्याचा एक तोटा होता आणि तो आजही आहे. पातं मोठं म्हणून जाड ठेवावं लागतं, दर चिरेत ६-७ मिलिमीटर लाकडाचा भुसा होतो. २५ मिलिमीटरच्या फळ्या काढायच्या तर पाचातलं एक लाकूड जवळपास भुशातच जातं. पट्टा करवतीची चीर २ मिलिमीटरची, तिथे हाच तोटा सात टक्क्यांवर येतो. सागवानाच्या भावात हा फरक छोटा नाही. म्हणून आज फिरती गिरणी बांधायची तर पट्टा करवतच घ्यावी, मग पात्याला धार लावायचा आणि दातांना डावा-उजवा कल द्यायचा त्रास थोडा जास्त पडला तरी चालेल.

मुंबईत आलेल्या यंत्रांचा अर्थ मात्र दुहेरी होता. खड्ड्यात उभं राहून भुसा खाणाऱ्या माणसाची सुटका व्हायची खरी, पण त्याचबरोबर त्याची मजुरीही जायची. आणि वाडियांच्या घराण्याचं काय? त्यांचं सगळं वैभव हातातल्या कसबावर आणि सागवानावर उभं होतं. अर्देशीर ज्या वाफेच्या मागे लागले होते तीच वाफ पुढे लोखंडी जहाजं घेऊन आली, आणि एकोणिसावं शतक संपायच्या आत मुंबई गोदीतलं लाकडी जहाजबांधणीचं ते घराणेशाही काम आटोपलं. हे अर्देशीर यांना दिसत नव्हतं असं मला वाटत नाही. त्यांच्याइतकं जवळून इंजिन पाहिलेला दुसरा माणूस त्या घरात नव्हता.

तरी घराण्याचं नाव त्यांनी सोडलं नाही. फेब्रुवारी १८५१ मध्ये त्यांनी एक आगबोट पाण्यात सोडली. तिचे सगळे भाग त्यांच्या स्वतःच्या ओतशाळेत बनलेले होते. बोटीचं नाव ठेवलं लवजी फॅमिली. विहिरीवरच्या एक एचपीच्या इंजिनापासून इथवर यायला त्यांना साधारण वीस वर्षं लागली. शिवणयंत्र, फोटो काढायची कला, विजेने मुलामा चढवायचं तंत्र, अशा गोष्टी मुंबईत आणणाऱ्यांतही त्यांचं नाव येतं.

सिंध आणि रिचमंड

१ ऑगस्ट १८५७ रोजी ते कंपनीच्या नोकरीतून निवृत्त झाले आणि दुसऱ्या वर्षी पुन्हा इंग्लंडला गेले. १८६१ मध्ये इंडस फ्लोटिला कंपनीने त्यांना सिंधमध्ये कोटरी इथे नेमलं. सिंधू नदीत चालणाऱ्या आगबोटी आणि त्यांची दुरुस्तीची कर्मशाळा हे काम त्यांच्याकडे होतं. नदीत गाळ फार, आणि उथळ पाण्यात जड इंजिनाची बोट टेकते, म्हणजे इथेही वजन आणि ताकद यांचंच भांडण. दोनच वर्षांत, १८६३ मध्ये, त्यांनी ते काम सोडलं आणि लंडनजवळ रिचमंडला कायमचे राहायला गेले. तिथे त्यांचं एक इंग्लिश कुटुंबही होतं, मुंबईतल्या घराखेरीज दुसरं. १६ नोव्हेंबर १८७७ रोजी रिचमंडलाच त्यांचं निधन झालं.

२७ मे १९६९ रोजी, रॉयल सोसायटीच्या त्या तारखेलाच, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या नावाचं तिकीट काढलं. किंमत २० पैसे.